आकाश मोकळं, तरी विमान उभं का?

विमानांना उशीर का होतो, यावर मागच्या वेळी लिहिलं आणि मराठवाड्यातून भरपूर प्रश्न आले. हवाई वाहतूक नियंत्रणात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हे प्रश्न मला फार जवळचे आहेत. त्यांतले काही आज घेतो.

छत्रपती संभाजीनगरचे एक वाचक: चिकलठाण्याहून सकाळी मुंबईला निघालो. आभाळ स्वच्छ होतं, सगळे आत बसले, दारही लागलं. तरी विमान पाऊण तास जागचं हललं नाही. मुंबईत जागा नव्हती तर आम्हाला आत कशाला बसवलं?

तुमचा वैताग मी समजू शकतो, पण अडचण चिकलठाण्याच्या आभाळात नव्हतीच. मुंबईच्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्या एकीवर तासाला चढ-उतार मिळून पंचेचाळीसच्या आसपास विमानं बसतात. जोराचा पाऊस आला, धुकं पडलं किंवा एखादं विमान धावपट्टीवर बंद पडलं की हा आकडा झपकन खाली येतो. येणारी विमानं मात्र तेवढीच असतात. मग दिल्लीतल्या वसंत कुंजमधलं विमानतळ प्राधिकरणाचं केंद्र मुंबईकडे निघालेल्या विमानांना उड्डाणाची वेळ ठरवून देतं. आम्ही त्याला स्लॉट म्हणतो. समजा, तुमच्या विमानाला ८.४० मिळाली. मग पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर, म्हणजे ८.३५ ते ८.५० मध्येच त्याला जमीन सोडावी लागते. ती वेळ हुकली की नवा स्लॉट मागायचा, आणि तो बराच पुढचा मिळू शकतो. प्रवासी बाहेर असतील तर पंधरा मिनिटांत चढणं, सामान, दरवाजे, इंजिन, धावपट्टीपर्यंत जाणं हे सगळं जमत नाही. शिवाय मधली एखादी वेळ अचानक मोकळी झाली तर ती तयार असलेल्या विमानाला मिळते.

वेळेवर उडून मुंबईजवळ घिरट्या घालणं हा दुसरा पर्याय होता. त्यात इंधन जळतं, आणि एकाच नियंत्रकाच्या पडद्यावर गर्दी वाढत जाते. थांबायचंच असेल तर जमिनीवर थांबावं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण प्रवाशांना खरं कारण सांगितलं पाहिजे, ही तुमची अपेक्षाही तितकीच रास्त आहे.

लातूरच्या एक ताई: मुलगी जर्मनीत असते. फ्रँकफर्टहून लिस्बनला जाताना फ्रान्समधल्या नियंत्रकांच्या संपामुळे तिचं विमान दोन तास अडकलं. तिला तर फ्रान्समध्ये उतरायचंही नव्हतं! इतक्या देशांचं हे कोण जुळवतं?

ताई, फ्रँकफर्ट ते लिस्बन हा सरळ रस्ता फ्रान्सवरूनच जातो. तिथलं जुळवायचं काम युरोकंट्रोलकडे आहे. १९६० च्या करारातून उभी राहिलेली ही संस्था ब्रुसेल्समध्ये आहे आणि चाळीसहून जास्त देश तिचे सदस्य आहेत. विमान कंपनी आपला फ्लाइट प्लॅन एकाच ठिकाणी देते. तिथे तो तपासला जातो आणि वाटेतल्या सगळ्या केंद्रांना पोचतो. आकाशाचे भाग, म्हणजे सेक्टर, पाडलेले असतात, आणि एका सेक्टरमध्ये तासाला किती विमानं सुरक्षित हाताळता येतील हे आधीच ठरलेलं असतं. संपात माणसं कमी झाली की दोन-तीन सेक्टर एकत्र करावे लागतात आणि तो आकडा घसरतो. आकाश तेवढंच असतं, पण लक्ष ठेवणारे डोळे कमी झालेले असतात.

जायकवाडीचे दरवाजे पाणी भिंतीला टेकल्यावर उघडत नाहीत, वर नाशिककडून किती येतंय त्याचा हिशेब आधी होतो. इथेही तसंच आहे. कोणतं विमान त्या सेक्टरमध्ये कधी पोचणार हे प्लॅनवरून काही तास आधी कळतं. त्या क्रमानेच वेळा वाटल्या जातात, कंपनी मोठी की छोटी हे पाहिलं जात नाही. कंपनीला लांबून वळसा घालता येतो किंवा खालच्या उंचीवरून जाता येतं, पण मग इंधन जास्त लागतं.

मला या सगळ्यात सर्वांत भावतं ते मास्ट्रिख्टचं केंद्र. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांचं २४,५०० फुटांच्या वरचं आकाश हे एकच केंद्र सांभाळतं. तिथे देशांच्या सीमा विमानाच्या वाटेत येत नाहीत. बाकी युरोपात अजून तसं झालेलं नाही, आणि त्याची किंमत तुमच्या मुलीसारखे प्रवासी मोजतात.

धाराशिवचे एक शेतकरी: रात्री रानात असताना दोन विमानं समोरासमोर येताना दिसतात. काळजात धस्स होतं.

दादा, मुंबई-हैदराबाद रस्ता तुमच्या डोक्यावरूनच जातो. पूर्वेकडे जाणारी विमानं ३१, ३३, ३५ हजार अशा विषम उंचीवर असतात, पश्चिमेकडे जाणारी ३२, ३४ हजार अशा सम उंचीवर. त्यांच्यात १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर अंतर असतं. खालून ते कळत नाही एवढंच.

नांदेडचे एक निवृत्त शिक्षक: चरखी दादरीसारखी टक्कर पुन्हा होऊ शकते का?

सर, १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात दोन विमानं हवेत धडकून ३४९ माणसं गेली. दिल्लीत येणारी आणि जाणारी विमानं तेव्हा एकाच मार्गाने जात होती. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं. ते त्याखाली उतरलं आणि १४,००० वर असलेल्या सौदी विमानावर आदळलं. त्यानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि टक्कर टाळण्याचा इशारा देणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं.

पण यंत्र आलं म्हणजे काम झालं असं नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेनवर एका रशियन विमानाला यंत्राने ‘वर जा’ सांगितलं आणि नियंत्रकाने ‘खाली या’. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमानही आपल्या यंत्राच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. ७१ जीव गेले. ते आकाश सांभाळणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या केंद्रात तेव्हा एकटा माणूस दोन टेबलं सांभाळत होता, आणि मुख्य टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद होते. आता नियम पक्का आहे: यंत्राने आदेश दिला की तोच पाळायचा, नियंत्रकाचा नाही. म्हणूनच सेक्टरच्या आकड्याबाबत मी कडक आहे. माणसं कमी असतील तर विमानंही कमीच घ्यायला हवीत, कितीही प्रवासी खोळंबले तरी. टक्कर अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पातळीवर कुणीतरी जागं राहिलं, तर ती टळते.

जालन्याचा एक विद्यार्थी: बी.एस्सी. करतोय. या कामात येता येईल?

नक्की ये. विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी परीक्षा घेतं. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत. इंजिनिअरिंगची पदवीही चालते. वयाची मर्यादा २७ आहे, आरक्षित वर्गांना सवलत मिळते. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात होतं. वैद्यकीय तपासणी असते, आणि इंग्रजी बोलण्याची आंतरराष्ट्रीय पातळीची चाचणीही. खेड्यातली हुशार मुलं बहुतेक या बोलण्यापाशीच अडतात, तेव्हा रोज मोठ्याने वाचायला आजपासून लाग. आणि तुझ्या विषयांत गणित नसेल, तर दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरायच्या आधीच कॉलेजात विचारून घे.