वाचकांचे प्रश्न : सॉरडो स्टार्टरची पाय-पारी

प्रश्न : सॉरडो ब्रेडसाठी मैदा-पाणी आंबवून ठेवलेल्या स्टार्टरमधून काढावा लागणारा भाग वाया जाऊ नये म्हणून त्याची अ‍ॅपल पायसाठी पारी करते. लाटताना पीठ चिकटतं, भाजताना बटर सुटून ट्रेमध्ये येतं आणि काठ खाली घसरतात. कुठे चुकतंय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पहिल्या दोन तक्रारी उष्णतेच्या आहेत, तिसरी बरीचशी घाईची. बटर 32 ते 35 अंशांना वितळतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. म्हणून हे काम पहाटेच करा. मैदा, भांडं, लाटणं आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. स्टार्टरही थंडच हवा.

9 इंची टिनच्या एका पारीसाठी 130 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बटर आणि समान वजनाच्या मैदा-पाण्याचा 110 ग्रॅम स्टार्टर घ्या. पिवळं बटर खारट असतं, वेगळं मीठ नको. बटरचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरा. वाटाण्याएवढे खडे दिसले की थांबा. हे खडेच भाजताना वाफ सोडून पापुद्रे करतात. तूप वापराल तर त्यात पाणी नसल्याने पारी नानकटाईसारखी भुसभुशीत होईल. मग स्टार्टर घालून पीठ नुसतं गोळा करा, मळू नका. कोरडं वाटलं तरच चमचाभर बर्फाचं पाणी.

चपटा गोळा झाकून फ्रिजमध्ये किमान 2 तास, लाटून टिनमध्ये बसवल्यावर पुन्हा 30 मिनिटं. मैद्याचा ताण या विश्रांतीत सैल होतो. ती चुकवली की काठ आक्रसतात. टिनमध्ये पारी ताणून बसवू नका, अलगद सोडा.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 200 अंशांवर पूर्ण तापू द्या. पारीवर बटर पेपर पसरून वजनासाठी काठापर्यंत कोरडा, कच्चा राजमा भरा, खालच्या रॅकवर 20 मिनिटं भाजा. मग राजमा काढून तळ कोरडा, फिकट सोनेरी होईपर्यंत 8-10 मिनिटं. सफरचंदाला पाणी सुटतं, त्यामुळे ही पायरी गाळली तर तळ ओला राहतो.

प्रश्न : स्टार्टर फुललेला असायला हवा का?

उत्तर : नाही, इथे तो चवीपुरता आणि पाण्याच्या जागी आहे. पीठ आंबवायला बाहेर मात्र ठेवू नका. बटर वितळेल आणि पारी पावासारखी फुगेल. फ्रिजमधला आठवडाभराचा स्टार्टर चालतो. फार जुना असेल तर आंबटपणा वाढतो, पीठ लाटताना फाटतं. गुलाबी-नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली तर सगळाच फेका.

प्रश्न : ज्वारीचं पीठ घालता येईल?

उत्तर : 130 पैकी 30 ग्रॅमपर्यंत. ज्वारीत ग्लुटेन (पीठ धरून ठेवणारं प्रथिन) नसतं, त्याहून जास्त घातलं की पारी उचलतानाच तुटते. मालदांडी ज्वारीचं ताजं, बारीक दळलेलं पीठ घ्या आणि दोन बटर पेपरच्या मध्ये लाटा. ही पारी गोड सारणापेक्षा मेथी-बटाट्याला जास्त शोभते.