डोमिनिकन रिपब्लिकमधले मूळ तायनो लोक पूर्ण नामशेष झाले का?

नाही, सर्रास तसं लिहिलं जात असलं तरी. कोलंबस १४९२ मध्ये हिस्पॅनिओला बेटावर (आजचा डोमिनिकन रिपब्लिक याच बेटावर आहे) उतरला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सोन्याच्या खाणींतली वेठबिगार, कत्तली, उपासमार आणि देवीची साथ यांनी तायनो समाज उद्ध्वस्त केला. तरीही एन्रिकिल्यो हा तायनो सरदार १५१९ पासून बाओरुकोच्या डोंगरांतून स्पॅनिशांशी लढत राहिला. शेवटी १५३३ मध्ये त्यांना त्याच्याशी तह करावा लागला. हे फार कमी लोकांना माहीत असतं, याचं वाईट वाटतं.

आज अनेक डोमिनिकन लोकांच्या आईकडून आलेल्या डीएनएत तायनो वारसा सापडतो. शिवाय कासाबे ही तायनोंची भाकरी अजून खातात: कसावा (आपला साबुदाणा याच कंदाचा) किसायचा, विषारी रस पिळून काढायचा आणि कीस तव्यावर पातळ थापून भाजायचा.