शिक्षकांचे प्रश्न : एका खोलीत तीन इयत्ता

प्रश्न : कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील एका सरकारी मराठी शाळेत मी पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत सांभाळते. एका इयत्तेला शिकवायला घेतले की बाकीच्यांचा गोंधळ सुरू होतो आणि जो तो वही घेऊन ‘बाई, झालं’ म्हणत माझ्यापुढे उभा राहतो. कन्नडच्या तासाला मात्र हीच मुले तोंड उघडत नाहीत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तीन इयत्तांना आळीपाळीने शिकवू लागले की दोन इयत्तांना नेहमीच हाताला काम उरत नाही, आणि गोंधळ तेथूनच उठतो. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये सुरू झालेली व पुढे राज्यभर गेलेली नलि-कलि पद्धत याच अडचणीतून मार्ग काढते : काही मुले शिक्षकाजवळ, काही सोबत्यांच्या मदतीने, तर काही स्वतःच्या बळावर शिकतात. प्रत्यक्षात मुले गोल करून बसतात खरी, परंतु प्रत्येक काम तपासून घेण्यासाठी बाईंकडेच येते. म्हणून वर्षारंभीचे काही दिवस नवा पाठ मागे ठेवावा आणि बाईंना न विचारता काम पुरे कसे करायचे, एवढेच शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी काम असे निवडावे की बरोबर-चूक मुलालाच कळेल. उदाहरणार्थ, दुसरीतील एका मुलाने ओंजळभर चिंचोके घ्यावेत, दहा-दहाचे ढीग करावेत, उरलेले सुटे बाजूला ठेवावेत आणि संख्या पाटीवर लिहून पाटी पालथी घालावी. जोडीदाराने तेच चिंचोके पुन्हा मोजून मग पाटी उलटावी. दोघांचे जुळले नाही तर दोघांनी मिळून मोजावे. यात आपले काहीच काम नाही, आणि दशक-एककाची समज मात्र पक्की होते. ‘पाच शब्द लिहा’ यासारखे काम दोन मिनिटांत संपते आणि ‘बाई, झालं’ पुन्हा सुरू होते. अडल्यास आधी स्वतः पुन्हा वाचायचे, मग जोडीदाराला विचारायचे, मग गटप्रमुखाला आणि शेवटी बाईंना, हा क्रम भिंतीवर चित्रांनी लावावा.

वाचनासाठी इयत्तेप्रमाणे गट करू नयेत. तिसरीतील जे मूल अजून जोडाक्षरांवर अडखळते, त्याने दुसरीतील मुलांबरोबर बसण्यात कमीपणा नाही. मात्र गट दर महिन्याला बदलावेत, नाहीतर ‘ढ मुलांचा गट’ असा शिक्का बसतो आणि तो सहज पुसला जात नाही. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना सर्वांना ऐकू जाईल असे बोलणे शक्यच नसते, म्हणून त्या महिन्यांत तरी पाच-सहा मुलांना जवळ घेऊनच शिकवावे.

कन्नडच्या तासाला अक्षरांपासून सुरुवात करू नये. ‘एद्दु निल्लु’ (उठून उभा राहा), ‘बागिलु मुच्चु’ (दार लाव) अशा सूचना रोज द्याव्यात आणि मुलांनी त्या केवळ कृतीने पाळाव्यात. समजू लागलेले मूल काही दिवसांनी आपणहून बोलते. लिपी शिकवताना मात्र मराठीचा पुरेपूर उपयोग करावा, कारण वर्णमालेचा क्रम जवळजवळ तोच आहे आणि कागुणित म्हणजे आपली बाराखडीच. फक्त कन्नडमधील ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ कानांना वेगळे ऐकवावे लागतात.

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबता, हेही पाहावे. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात असे आढळले, की शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तो वेळ ३ सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे मोठी होतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला कन्नडमध्ये उत्तर जुळवायला याहून अधिक वेळ लागणारच. तेवढ्यात हुशार मुलाने हात वर केला, तरी त्याला लगेच उठवू नये.