खडी, पण रस्त्यावरची नव्हे

प्रश्न : मुंबई हायबद्दल वाचताना ‘चुनखडीतलं तेलाचं तळं’ असा शब्दप्रयोग दिसला. तो बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही, पण बातम्यांतून तो काही जात नाही. १९७४ साली समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात जे तेल शोधलं, ते मायोसीन, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, काळातल्या चुनखडीच्या छिद्रांत आणि भेगांत मुरलेलं होतं. तिथे होडी घालता येईल असं काही नाही.

खरी गंमत ‘चुनखडी’त आहे. चुना ‘चूर्ण’वरून आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खडी मात्र रस्त्यावर पसरतात तीच, असं सांगणारे व्युत्पत्तिकार भेटतात. त्यांनी एकदा हिंदीतली ‘खड़िया’ बघावी! रस्त्यावरची खडी खड्याच्या गोतातली. चुनखडीतली खडी संस्कृत ‘खटिका’ची, म्हणजे लिहायच्या पांढऱ्या मऊ दगडाची. आपला ‘खडू’ही तिथलाच. (शाळेतला खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो. नाव तेवढं उरलंय.)

आणि अस्सल खडूतही तेल सापडतं, बरं का. नॉर्वेच्या हद्दीत उत्तर समुद्रातलं एकोफिस्क हे क्षेत्र १९६९ साली सापडलं. तिथला खडक म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी चकत्यांचा थर. छिद्रं भरपूर, पण इतकी बारीक की भेगा नसत्या तर तेल धड वाहिलंही नसतं. म्हणून ‘सच्छिद्रता’ (खडकात छिद्रं किती) आणि ‘पार्यता’ (त्यातून द्रव किती सहज वाहतो) हे शब्द वेगळे ठेवावे लागतात. दोन्हींना सरसकट ‘सच्छिद्र’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. तेल उपसल्यावर तो खडू दबला, समुद्रतळ खचला आणि १९८७ साली तिथले तेल उपसायचे समुद्रातले फलाट सहा मीटर उचलावे लागले. तळं असतं तर पातळी उतरली असती. इथे तळच उतरला.

‘तेल’ तरी कुणाचं? तैल म्हणजे तिळाचं. लॅटिन ‘ओलेउम’ ऑलिव्हचं. त्याच्यामागे खडकाचा ‘पेत्रा’ लावला की झालं पेट्रोलियम, आणि इंग्रजांचं ‘रॉक ऑइल’ आपल्या तोंडी बसलं ते रॉकेल होऊन.

हां, तळ्याचं राहिलंच. ‘तेलाचा साठा’ लिहा. खडकाबद्दल बोलायचं असेल तर ‘तेलधारक चुनखडी’.