पहिला पाहुणा पंक्चरवाला

सायकल क्लबच्या मासिक भेटीला पाहुणे बोलवायची जबाबदारी घेतलीस, छान! पण लगेच एव्हरेस्टवीर शोधायला निघू नकोस. पुण्यात नावाजलेले वक्ते मिळतात, पण त्यांच्या तारखा सांभाळता सांभाळता भेटच पुढे ढकलली जाते.

सुरुवातीला एवढंच बघ:

– पहिला पाहुणा आपल्याच पेठेतला सायकल दुरुस्तीवाला. त्याने चाक काढून ट्यूब बदलून दाखवायची, मग दोन-चार जणांकडून करून घ्यायची. नव्यांना याहून उपयोगी काही नाही. मानधन द्यायचं, शाल-नारळावर भागवायचं नाही.
– भेट रविवारची राइड संपल्यावर. सायकली नजरेसमोर राहतील अशी जागा हवी, नाहीतर अर्धं लक्ष कुलपाकडे.
– बोलणं अर्धा तास, प्रश्नांना तेवढाच वेळ. मिसळ त्यानंतर! आधी दिलीस तर कोणी जागं राहणार नाही.

ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, करणारं कोणी आलं, तर २०० किलोमीटर १३.५ तासांत हा आकडा ऐकूनच नवखे घाबरतात. त्यापेक्षा वाटेत खाल्लं काय, दुखलं कुठे, हे त्यांना विचार. वाहतूक पोलीस किंवा महापालिकेचे अधिकारी येणार असतील, तर प्रश्न आधी लेखी पाठव, चौकाच्या फोटोंसकट. नाहीतर नुसतं भाषण होतं आणि सायकल ट्रॅकवरच्या दुचाक्या तिथेच राहतात.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे परिचय आणि सत्कारातच वीस मिनिटं घालवणं. परिचय दोन वाक्यांत उरक. प्रायोजक, तिकीट, रेकॉर्डिंग आत्ता डोक्यात आणू नकोस. तीन-चार भेटी पार पडू देत, मग बोलू.