तीन महिन्यांचा अँकरिंग कोर्स की जिल्ह्यातली केबल वाहिनी?

मराठी विषयात एम. ए. झाल्यावर पुण्यात तीन महिन्यांचा अँकरिंगचा कोर्स करावा, की सांगलीतल्या केबल वाहिनीने देऊ केलेले कमी पगाराचे काम घ्यावे, आणि या क्षेत्रात पुढे खरोखर काही भवितव्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी सांगलीतच एका केबल वाहिनीवर अकरा वर्षे बातम्या दिल्या आहेत. माझे मत स्पष्ट आहे: काम घ्या. मात्र नुसत्या बातम्या वाचणार नाही, आठवड्यातले दोन-तीन दिवस बातमी आणायलाही जाईन, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी तेथे बातम्या दिल्या, आणि १९७४ पासून पुढे कित्येक वर्षे प्रदीप भिडे यांचा आवाज म्हणजेच मराठी बातम्या असे समीकरण घराघरांत होते. त्या काळी वृत्तविभाग बातमीपत्र लिहून हाती देत असे आणि ते निर्दोष वाचणे हे निवेदकाचे मुख्य काम असे. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (आताची ‘एबीपी माझा’) या वाहिन्या आल्यापासून हे काम मुळातून बदलले. समोर काहीही लिहिलेले नसताना कानातल्या इअरपीसमधून ‘आमदार फोनवर आहेत, प्रश्न घे’ असे सांगितले जाते, आणि जिने जिल्हा परिषदेची एकही सभा बसून ऐकलेली नाही, तिला त्या क्षणी विचारण्यासारखे काही सुचत नाही. ही तयारी कॅमेऱ्यासमोर वाचण्याच्या सरावाने होत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरातला एक प्रसंग सांगते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीत शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी चढत होते, आम्ही थेट बातम्या देत होतो, आणि माझ्यापुढच्या कागदावर ४९ हा आकडा होता. मी ‘एकोणपन्नास’ म्हणण्याऐवजी ‘एकोणसाठ’ म्हणून गेले. दोन-तीन मिनिटांतच कार्यालयातले फोन वाजू लागले. दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉट भागातून लोक विचारत होते की, वरच्या मजल्यावरूनही आता निघायचे का. मी लगेच चूक सांगितली आणि बरोबर आकडा तीन वेळा वाचला, पण एका वृद्ध गृहस्थांनी मधल्या वेळात घरातले धान्य पावसात बाहेर काढले होते, हे मला नंतर कळले. (पुढे पातळी ५७ फुटांच्याही वर गेली, पण त्यामुळे माझी चूक लहान ठरत नाही.) त्या दिवसापासून मी प्रत्येक आकडा संहितेत अक्षरी लिहून घेत आले. मुंबईच्या वाहिनीवर महापूर ही अनेक बातम्यांपैकी एक असते. आपल्या वाहिनीवरचा आकडा ऐकून माणूस घर सोडतो.

उच्चारांबाबतही असेच. बाहेरून आलेला निवेदक ‘कवठे महाकाळ’ म्हणतो आणि ‘कवठेमहांकाळ’चा माणूस तेथेच मनातून वाहिनी बदलतो. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा आहे, ‘चारा छावणी’ चुकीच्या ‘च’ने वाचणाऱ्या व्यक्तीला आपल्या दुष्काळाचे काही कळते, यावर जत-आटपाडीचा शेतकरी विश्वास ठेवणार नाही. मिरजेत वाढल्यामुळे हे भांडवल तुमच्याकडे आहेच.

कोर्सविषयी थोडक्यात सांगते. मेकअप, टेलिप्रॉम्प्टर (कॅमेऱ्यापुढे मजकूर दाखवणारा पडदा) पाहून वाचणे, कॅमेऱ्याकडे पाहणे हे सगळे कामावर महिन्याभरात येते. शिकायचेच असेल तर रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारितेचे पूर्ण शिक्षण घ्या. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या वर्गांना आधी विचारा की, मागच्या तुकडीतल्या किती जणी आज कोठे काम करतात.

पैशांबद्दल मात्र मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पगार कमी असतो आणि अनेकदा उशिरा होतो. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांतल्या पत्रकारांसाठी झाला होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितांनी त्याची जागा घेतली, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या आणि त्यात कामाचे तास नमूद करून घ्या. स्त्री निवेदकांना पस्तिशीनंतर पडद्यावरून हळूहळू बाजूला केले जाते, हे मी जवळून पाहिले आहे आणि ते मला आजही अन्यायाचे वाटते. ज्या मैत्रिणींना बातमी लिहिता आणि संपादित करता येत होती, त्या तेव्हाही टिकल्या; कोणी डेस्कवर गेली, कोणी आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागात नैमित्तिक वृत्तनिवेदक म्हणून लागली. तेथे आवाजाच्या चाचणीबरोबर लेखी परीक्षाही असते आणि भाषांतर चांगले लागते, म्हणून तुमचे एम. ए. वाया गेले असे मुळीच समजू नका.

सोमवारी वाहिनीच्या कार्यालयात भेटायला जाल तेव्हा छायाचित्रांऐवजी तुमच्या परिसरातली एक खरी बातमी दीडशे शब्दांत लिहून न्या आणि ती तिथेच, कागदाकडे कमीत कमी पाहत, वाचून दाखवा.