हायस्कूलमध्ये व्हिडिओ गेमची अधिकृत टीम: पालकांनी विरोध करावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या वर्षीपासून अमेरिकेतल्या तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमचे सामने, ही हायस्कूलची अधिकृत ॲक्टिव्हिटी करायचं घाटतंय, नववीतला मुलगा खुशीत आहे, आणि ज्या गेमवरून घरी रोज खडाजंगी होते त्यालाच शाळेने मान द्यावा हे तुम्हाला पटत नाही. म्हणून स्कूल बोर्डाच्या बैठकीत विरोध नोंदवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी जॉर्जियात, अटलांटाजवळच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकवते आणि शाळेच्या ई-स्पोर्ट्स टीमची कोच आहे. म्हणजे मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा. माझं म्हणणं: विरोध करू नका, अटी घाला. आणि त्या अटींवर अडून बसा.

आधी हे आलं कुठून ते सांगते. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे एनएफएचएस, १९२० पासूनची. तिने २०१८ मध्ये शाळांचे ऑनलाइन सामने भरवणाऱ्या प्लेव्हीएस नावाच्या कंपनीशी करार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉर्जिया, केंटकी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड या पाच राज्यांत 'लीग ऑफ लेजेंड्स'चे आंतरशालेय सामने सुरू झाले. तेव्हा दर खेळाडूमागे दर सीझनला ६४ डॉलर फी होती. पुढे 'रॉकेट लीग' वगैरे गेम आले, आणखी राज्यं आली.

'पण हा खेळ तरी आहे का?' या वादात बैठकीतला वेळ घालवू नका. याच एनएफएचएसच्या छत्राखाली वादविवाद, संगीत, नाटक हेही येतं. इलिनॉयमध्ये बुद्धिबळाची राज्य स्पर्धा हायस्कूल असोसिएशनच घेते, आणि २००९ पासून तर मासेमारीचीही. शाळेच्या ॲक्टिव्हिटीसाठी घाम गळलाच पाहिजे असा नियम कधीच नव्हता.

खरा प्रश्न वेगळा आहे. तुमचा मुलगा गेम खेळतोच आहे. आज तो बहुधा रात्री, खोलीचं दार लावून, कानाला हेडसेट लावून, ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा लोकांबरोबर खेळतो. तेच अधिकृत झालं की काय बदलतं? पहिलं म्हणजे पात्रतेचा नियम लागू होतो. फुटबॉलच्या मुलाला जसं मागच्या सेमिस्टरला ठरावीक विषयांत पास व्हावं लागतं, तसंच याला. नाही झाला तर तो खेळणार नाही, आणि हे आई ओरडते म्हणून नव्हे, राज्याच्या असोसिएशनचा नियम आहे म्हणून. घरच्या शंभर भांडणांनी जे होत नाही ते या एका नियमाने झालेलं मी पाहिलंय. अल्जिब्राचा राहिलेला होमवर्क घेऊन मुलं प्रॅक्टिसच्या आधी लॅबमध्ये येऊन बसतात, कारण मॅच गुरुवारी असते आणि ग्रेड बुधवारी दिसतात.

दुसरं म्हणजे, खोलीत एक मोठं माणूस असतं. यातला फरक नीट कळावा म्हणून 'रॉकेट लीग'चं उदाहरण देते. तीन विरुद्ध तीन, गाड्यांनी खेळायचा फुटबॉल, पाच मिनिटांची एक गेम. नवीन मुलं तिघंही एकदम बॉलमागे धावतात. त्यांना पहिली गोष्ट शिकवावी लागते ती रोटेशन: एकजण बॉलवर जाईल, दुसरा पाससाठी थांबेल, तिसरा आपला गोल राखेल, आणि ज्याने बॉल मारला त्याने लगेच मागे फिरून तिसऱ्याची जागा घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याला गोल मारता येईल असं दिसत असताना बॉल सोडून मागे यायचं, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला फार जड जातं. त्यात तिघांनी सतत बोलत राहावं लागतं: 'माझा', 'तुझा', 'मी मागे', 'बूस्ट नाही' (म्हणजे गाडीला जादा वेग देणारं इंधन संपलंय). वर्गात महिनाभर तोंड न उघडलेला मुलगा इथे टीमला हाका मारतो. हे घरच्या एकट्या खेळात आपोआप येत नाही, कारण अनोळखी टीममेटवर चिडून मधेच निघून जाता येतं. इथे तोच टीममेट उद्या केमिस्ट्रीच्या वर्गात शेजारी बसणार असतो.

याच गेममध्ये दोन बटणं दाबली की तयार संदेश जातो, त्यातला एक 'व्हॉट अ सेव्ह!'. कोणी सुंदर गोल अडवला तर शाबासकी द्यायला तो ठेवलाय. प्रत्यक्षात ऑनलाइन खेळणारी निम्मी पोरं समोरच्याने गोल खाल्ला की डिवचायला तो लागोपाठ तीनदा पाठवतात. आमच्या टीममध्ये हे केलं की पुढची गेम बाकावर बसून बघायची. सुरुवातीला मुलांना हा नियम अति वाटतो, 'सगळेच करतात' म्हणतात. काही आठवड्यांत तीच मुलं नवीन आलेल्यांना बजावतात. बास्केटबॉलच्या कोर्टवर समोरच्याला चिडवलं तर रेफरी शिट्टी मारतो. ऑनलाइन ही शिट्टी मारणारं कोणीच नव्हतं. शाळा आली की ते माणूस येतं.

मुलींबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचंय. ऑनलाइन खेळणाऱ्या कितीतरी मुली माइक बंद ठेवतात, कारण आवाज ऐकला की घाणेरडं बोलणं सुरू होतं. शाळेच्या टीममध्ये सगळे एकमेकांना नावाने ओळखतात आणि गैरवर्तनाला शाळेची शिस्त लागू होते. तरीही मुली आपोआप येत नाहीत. कोचला मुद्दाम जाऊन बोलवावं लागतं, आणि टीममध्ये एकटीच राहणार नाही हे बघावं लागतं. ज्या शाळेत हा विचार झालेला नसतो तिथे पोरांचा अड्डा होतो आणि वर तो अधिकृत असतो.

आता तुमच्या काळज्या. व्यसनाची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आपल्या आयसीडी-११ या यादीत घेतलाय. त्यात किती तास हा निकष नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, असं ते लक्षण आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे दिसत असेल तर टीमची वाट बघू नका, डॉक्टरांशी बोला. दिसत नसेल तर वेळेची मर्यादा टीमलाच घालायला लावा. आठवड्यात किती दिवस प्रॅक्टिस, किती वाजता बंद, दर तासाला उठून डोळे-मान-मनगट मोकळं करायचं की नाही, हे सीझनच्या आधी पालकांना लिहून मिळालं पाहिजे.

हिंसेचं म्हणाल तर केंटकीचं उदाहरण बोर्डापुढे ठेवा. २०२१ च्या सुरुवातीला प्लेव्हीएसने शाळांसाठी 'फोर्टनाइट' ही गोळीबाराची गेम आणली, तेव्हा केंटकीच्या हायस्कूल असोसिएशनने आपल्या शाळांना ती चालणार नाही असं कळवलं. त्याच राज्यातल्या मार्शल काउंटी हायस्कूलमध्ये त्याच्या तीन वर्षं आधी गोळीबार होऊन दोन विद्यार्थी गेले होते. पहिल्या पाच राज्यांत असूनही केंटकीने गोळीबाराच्या गेमला दार बंद केलं, आणि मला ते योग्य वाटतं. ई-स्पोर्ट्स हवं म्हणजे कंपनी जे देईल ते हवं, असं नाही. 'रॉकेट लीग', 'मारिओ कार्ट', 'स्मॅश ब्रदर्स' यांवर उत्तम टीम उभी राहते.

कंपनी हा मुद्दा मात्र बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही आणि मला तोच सगळ्यात खुपतो. बास्केटबॉल कोणाच्या मालकीचा नाही. गेम कंपनीच्या मालकीची असते. उद्या तिने नियम बदलले, गेम बंद केली, गेममधल्या दुकानात नवीन सजावट आणून मुलांच्या खिशाला हात घातला, तर शाळेला काही म्हणता येत नाही. म्हणून शाळेने एका गेमवर आणि एका प्लॅटफॉर्मवर सगळा डोलारा उभारू नये, आणि टीमच्या नावाखाली गेममधली कोणतीही खरेदी होऊ देऊ नये.

कॉम्प्युटरचंही विचारा. शाळा मुलांना जी क्रोमबुकं देते त्यावर यातल्या गेम नीट चालत नाहीत. शाळेने स्वतःची मशिन घेतली नाहीत तर ज्याच्या घरी महागडा पीसी तोच टीममध्ये, असं होतं. डिस्ट्रिक्टच्या नेटवर्कवर गेम अडवलेल्या असतात, त्या उघडून घ्यायलाही वेळ लागतो. आयटीवाल्यांना आधीपासून बरोबर घेतलेलं बरं.

स्कॉलरशिपचं आमिष कोणी दाखवलं तर फार भुलू नका. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस युनिव्हर्सिटीने २०१४ मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स'च्या खेळाडूंना पहिल्यांदा स्कॉलरशिप दिली, नंतर अनेक कॉलेजांनी दिली. पण कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए, तिने हे क्षेत्र आपल्याकडे घेतलेलं नाही, आणि मिळणारी रक्कम बहुतेक ठिकाणी फीचा छोटा हिस्सा असते. मुलाने टीममध्ये यावं ते टीमसाठी.

भारतातून आजी-आजोबा विचारतील तर त्यांना सांगा की २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे पण ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे. जुगार आणि हे एक नाही, एवढं त्यांना पुरतं.

बोर्डाच्या बैठकीत बोलायचं तर नाव बहुधा आधी नोंदवावं लागतं आणि साधारण तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात एवढं विचारा: कोच कोण आणि त्याला इतर कोचसारखं मानधन आहे का, गेमची यादी कोण ठरवणार आणि त्यात पालकांचा आवाज असेल का, मशिन शाळेची असतील का, पात्रतेचा नियम फुटबॉलसारखाच असेल का. कोच म्हणून रिकाम्या तासाच्या कुठल्यातरी शिक्षकाचं नाव पुढे आलं, त्याला स्वतःला गेममधलं काही कळत नसेल आणि मानधनही नसेल, तर मात्र एक वर्ष थांबा म्हणून जरूर सांगा.